कोठीच्या खोलीची किल्ली

(पुण्यात ख्रिस्ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, आणि कॉलेजातल्या माझ्या मुला-मुलींनो, सर्वांना सलाम.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘कॉलेजजीवनात प्रार्थनेचं स्थान’. मी त्यातला ‘स्थान’ हा शब्दच धरून बसणार आहे. स्थान म्हणजे जागा. प्रार्थना करायची कुठे? तुमच्यातले कितीतरी जण सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच कॉट, पाच चार्जर, पाच गजर. आणि बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर. कुठली खोली? कुणाचं दार?

तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘टामेइऑन’. त्याचा अर्थ धान्य, चीजवस्तू साठवायची खोली. लूकच्या बाराव्या अध्यायात हाच शब्द कावळ्यांसाठी येतो, त्यांना कोठी नाही की कोठार नाही, तरी देव त्यांना खायला घालतो. गालीलातल्या गरीब माणसाच्या घरात सगळं कुटुंब एका खोलीत निजायचं. आतून लावता येईल असं दार असलंच तर ते कोठीला. म्हणजे प्रभू कुणा बंगलेवाल्याशी बोलत नव्हता. तो तुमच्याशीच बोलत होता.

हे मला सेमिनरीतल्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतल्या, एका गुरुजींनी सांगितलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. कारण माझी आजी कोठीतच प्रार्थना करायची. आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. घराच्या मागच्या अंगाला अंधारी कोठी होती. तिथे बाजरीची कणगी, ज्वारीची पोती, कीड लागू नये म्हणून धान्यात घातलेला कडुलिंबाचा पाला. पहाटे आजी आत जायची आणि कडी लावायची. बाहेर आली की तिच्या गुडघ्यांवर गोणपाटाची जाळी उमटलेली असायची. मी लहानपणी त्या चौकड्या बोटाने मोजायचो. तिला अक्षरओळख नव्हती, पण ‘उपासना संगीत’ या आपल्या भजनांच्या पुस्तकातली नारायण वामन टिळकांची गीतं तोंडपाठ होती.

1978 साली मी पुण्यात कॉलेजला आलो. वसतिगृहात एका खोलीत आम्ही तिघे. पहिले दोन महिने मी पांघरुणात तोंड खुपसून प्रार्थना केली आणि दर वेळी तशीच झोप लागली. मग एक दिवस मेसच्या मामांकडे गेलो. त्यांच्या ताब्यात स्टोअर होतं. तांदळाची पोती, बटाटे, तेलाचे डबे. म्हटलं, “मामा, पहाटे अर्धा तास आत बसू द्याल का?” मामांनी विचारलं, “कशाला रे?” म्हटलं, “देवाशी बोलायला.” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि कमरेची किल्ली काढून दिली. म्हणाले, “बोल. पण उंदीर दिसला तर मला सांग.” (हशा)

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ. बटाट्याच्या पोत्यावर गुडघे टेकायचे. भिंतीपलीकडे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. पहिली दहा मिनिटं तर मी काही बोलायचोच नाही. घरची आठवण यायची, ती येऊ द्यायची.

जानेवारीत स्टोअरमधले शेंगदाणे कमी भरले. किल्ली माझ्याकडे असते हे कुणीतरी रेक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळ्या मुलांसमोर मला विचारलं, “प्रार्थनेला जातोस की फराळाला?” मामांनाही बोलणी बसली. मी चोरी केली नव्हती. ते सिद्ध झालं नाही आणि खोटंही ठरलं नाही, तसंच राहिलं. आज सांगतानासुद्धा छातीत कळ येते. त्यानंतर तीन आठवडे मी प्रार्थना केली नाही. केली ती एवढीच, की रेक्टरांची बदली होऊ दे.

माझ्या खोलीत पंढरपूरकडचा एक वारकरी मुलगा होता, गळ्यात तुळशीची माळ. मी नेवाशाचा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्याने मला मिठी मारली होती, “माऊलींच्या खांबाच्या गावचा तू!” तो रोज पहाटे कॉटवर बसून हरिपाठ म्हणायचा. त्या दिवसांत एका रात्री तो म्हणाला, “तुझं बंद पडलंय. मला दिसतंय.” दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून त्याने तिसऱ्यालाही उठवलं, दोघं पांघरुणं घेऊन गॅलरीत गेले आणि जाताना त्याने बाहेरून दार ओढून घेतलं. डिसेंबर नव्हे, पण जानेवारीतली पुण्याची पहाट! ती अख्खी टर्म तो गॅलरीत कुडकुडत हरिपाठ म्हणत राहिला आणि आत मी गुडघ्यांवर.

इथून जवळच पंचहौद मिशन आहे. 1890 साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी तिथे चहा प्यायली, म्हणून या शहरात केवढं वादळ उठलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. त्याच शहरात माझा वारकरी मित्र आणि मी प्रार्थना झाली की एका कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा घ्यायचो.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं. मग ज्याच्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगतो.

परीक्षा. पेपर हातात आला की सगळेच प्रार्थना करतात. बायबलातलं नहेम्याचं दुसरं प्रकरण वाचा. हा नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. राजाने विचारलं, तुला काय हवं? नहेम्याने आधी देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिलं. मध्ये एका श्वासाचा वेळ. तोंडी परीक्षेत तुम्हाला तेवढाच मिळतो. पण मागचं प्रकरण उघडा. किसलेव महिन्यात त्याला यरुशलेमची बातमी कळली आणि राजासमोरचा प्रसंग नीसान महिन्यात घडला. मध्ये सुमारे चार महिने तो उपास आणि प्रार्थना करत होता. कोठीत भरलेलं असलं तरच आयत्या वेळी पसाभर काढता येतं.

प्रार्थनेने मार्क वाढतात का, असं एका चिठ्ठीत विचारलंय. दानिएल आणि त्याच्या मित्रांना बाबेलमध्ये तिथली खास्दी भाषा आणि विद्या तीन वर्षं शिकावी लागली, तुमच्या बी.ए.एवढीच. देवाने त्यांना ज्ञान दिलं, पण त्यांची तीन वर्षं माफ केली नाहीत. अभ्यास करा.

आणि नापास झालात तर? तेव्हा गोड शब्द शोधत बसू नका. तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे आणि त्यात सुरुवातीलाच चार वेळा ‘कुठवर’ असं विचारलंय. तेच म्हणा, मोठ्याने म्हणा.

राहिलं एक. पाळकसाहेबांशी माझं बोलणं झालंय. या देवळाच्या मागे सतरंज्या आणि खुर्च्या ठेवायची खोली आहे. उद्यापासून रोज पहाटे साडेपाच ते सात ती तुमच्यासाठी उघडी. एका वेळी एकानेच जायचं, आतून कडी लावायची. कुणी काही विचारणार नाही. किल्ली फाटकावरच्या काकांकडे आहे, आणि त्यांना मी मेसच्या मामांची गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे.