आते बाहेर का बसली?

नमस्कार मंडळी,

अध्यक्षांनी मला ‘आजचे फिलिपिनो चित्रकार’ हा विषय दिला आणि वीस मिनिटे दिली. वीस मिनिटांत ओळख होते ती पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाची, एका देशाच्या चित्रकलेची नव्हे. त्यातून मी कोणी जाणकार नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्रातला तांब्या कलंडलेला काढून कशीबशी ‘क’ श्रेणीत सुटलेली बाई आहे. त्यामुळे मी आज माझ्या आठ वर्षांच्या लेकीने विचारलेल्या एका प्रश्नाविषयीच बोलणार आहे, कारण त्या प्रश्नाने गेले कित्येक दिवस माझी पाठ सोडलेली नाही.

इथे मनिलात, मकाती भागातल्या साल्सेडो व्हिलेजमधली बाग आपल्यापैकी बहुतेकांना शनिवारच्या बाजारामुळे ठाऊक आहे. त्याच बागेत २००६ पासून ‘आर्ट इन द पार्क’ नावाचे प्रदर्शन भरते. तिथे आत जायला तिकीट नाही आणि चित्रांच्या किमतीला वरची मर्यादा घालून दिलेली असते, म्हणजे नोकरदार माणसालाही एखादे चित्र घरी नेता यावे. २०१३ साली याच मंडळींनी मकातीतल्या एका बहुमजली पार्किंगमध्ये, गाड्या हलवून, मोठा तिकीट लावलेला कलामेळा सुरू केला. तिथे मी एकदा एका चित्राच्या नावपट्टीवर लाल ठिपका पाहिला आणि कुणाची तरी टिकली चिकटली असावी असे समजून नखाने खरवडायला गेले. चित्र विकले गेल्याची ती खूण असते, हे तिथल्या मुलीने मला अतिशय नम्रपणे समजावून सांगितले. तेव्हापासून तिकीट नसलेली जागाच आपल्याला बरी, असे मी ठरवून टाकले.

तर यंदा आम्ही चौघे त्या बागेत गेलो. आम्ही तिघे आणि आमची आते, म्हणजे आमच्या घरी कामाला असलेली बाई; तागालोग भाषेत ‘आते’ म्हणजे ताई. (लेक फोनवर ‘आते आली, आते गेली’ म्हणू लागली, तेव्हा ‘ही कोणाकडची आते?’ म्हणून माझ्या सासूबाई वर्षभर बुचकळ्यात होत्या.) आम्ही दोन तास चित्रे पाहिली, तांदळाच्या पिठाचे गोडाचे पदार्थ खाल्ले, एक छोटे मुद्राचित्र विकत घेतले. आते आमच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिली. घरी परतताना गाडीत लेकीने विचारले, “आई, तिकीट नव्हतं ना? मग आते बाहेर का बसली?”

नवरा म्हणाला, “तिला आवड नसेल.” मी म्हणाले, “तू विचारलंस का?” तो म्हणाला, “तू विचारलंस का?” पुढचे आपण सगळे संसारी लोक जाणता. रात्री मी आतेलाच विचारले. ती हसली आणि एकच शब्द बोलली, “नाकाकाहिया, मॅम.” लाज वाटते.

हा शब्द मी मराठीत ऐकलेला आहे. माझे वडील चर्चगेट ते काळा घोडा असे तीस वर्षे चालत कचेरीला जात. वाटेवरच्या जहांगीर कलादालनात कधीही पैसे पडत नव्हते, तरी ते फक्त एकदा आत गेले आणि तेही पावसात छत्री उलटी झाली म्हणून. “आपलं काय काम तिथं?” असे ते म्हणत. त्याच माणसाने चित्रकार दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठे ब्लेडने कापून पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यांना चित्राचे वावडे कधीच नव्हते. ते अडत ते दारापाशी.

दार नसले तर काय होते याचे उदाहरण सिंगापूरहून बदलून आलेल्या आपल्या कुटुंबांनी रोज पायाखाली घातलेले आहे. नदीवरचा आल्काफ पूल २००४ साली पासिता आबाद या फिलिपिनो चित्रकर्तीने ५५ रंगांत आणि २३५० वर्तुळांनी रंगवला. ती जन्मली पार उत्तरेकडच्या बातानेसमध्ये, १९४६ साली, आणि जगभर हिंडली. रंगवलेल्या कापडात भरण घालून ती हाताने टाके घाली, त्यावर आरसे, कवड्या, बटणे शिवी. ते काम पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं बाई, गोधडी!’ असे निघाले, आणि अजूनही मला त्याहून चांगला शब्द सुचलेला नाही. आजीच्या गोधडीला आपण पाठ शेकायला वापरले. पासिताच्या कामांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०२३ पासून अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून फिरले. मी त्या पुलावरून दोन वर्षे बाजारहाटाला जात होते आणि महापालिकेने हौसेने रंग दिला असावा, एवढेच मला वाटत होते.

आता थोडे रागावते. मागच्या वर्षी मंडळाची सहल बागियोला गेली होती. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात आपण दोन तास काढले आणि बेनकाब संग्रहालयाला चाळीस मिनिटे दिली, त्यांतली पंचवीस तिथल्या कॅफेत. त्या कॅफेचे नाव साबेल. बेनेदिक्तो काब्रेरा, म्हणजे बेनकाब, १९६५ च्या सुमारास मनिलाच्या ज्या वस्तीत राहत होते तिथे कचरा वेचणारी एक बेघर बाई त्यांना दिसे. प्लास्टिकचे कागद अंगाभोवती लपेटून ती हिंडे. तिला त्यांनी पुढे अर्धशतकभर पुन्हा पुन्हा चितारले. २००६ मध्ये ते राष्ट्रीय कलावंत झाले. आपण तिच्या नावाच्या कॅफेत बसून कॉफी थंड असल्याची तक्रार केली आणि वरच्या मजल्यांवरची साबेल बसचा हॉर्न वाजल्यामुळे राहून गेली. मीही त्याच टेबलावर होते.

आपल्याकडे चित्रकलेची बातमी येते ती किमतीची. रोनाल्द वेंतुराचे एक चित्र २०११ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ८४ लाख हाँगकाँग डॉलरना गेले, हे इथल्या टॅक्सीवाल्यालाही सांगता येईल. पण मनिलाच्या तोंदो वस्तीतल्या गरिबीतून आलेले चित्रकार फर्नांदो सेना वर्षानुवर्षे मुलांना चित्रकला शिकवत आले, आणि त्यांच्याकडे लहानपणी शिकलेला एल्मेर बोर्लोंगान आज जीपनी नावाच्या इथल्या प्रवासी गाडीतली, फुटपाथवरची, टक्कल पडलेली मोठ्या डोळ्यांची माणसे रंगवतो, हे कोण सांगते? बोर्लोंगानच्या चित्रात आते असते. फाटकाजवळच्या कट्ट्यावर ती बसते तशीच, मांडीवर पिशवी घेऊन.

नंतरच्या रविवारी आम्ही तिला राष्ट्रीय संग्रहालयात नेले. तिथेही तिकीट नाही. हुआन लूना या चित्रकाराचे भिंतभर पसरलेले १८८४ चे ‘स्पोलियारियम’ हे चित्र पाहून माझा नवरा इतिहास सांगू लागला आणि आते मान डोलावत राहिली. पण पुढे बोतोंग फ्रान्सिस्कोने १९५३ मध्ये रंगवलेल्या वैद्यकाच्या इतिहासाच्या चार भव्य चित्रांसमोर ती एकदम थांबली. “हे माझं आहे,” ती म्हणाली आणि मग लाजून तिने दुरुस्त केले, “म्हणजे, मला माहीत आहे.” ही चित्रे मुळात फिलिपिन जनरल हॉस्पिटलच्या प्रवेशदालनासाठी काढलेली होती. लहानपणी आईच्या उपचारांसाठी ती पहाटेपासून तिथे रांगेत बसे आणि वेळ जावा म्हणून चित्रातली माणसे मोजी. आजारी माणसावर उपचार करणारी जुन्या काळची वैदू बाई तिने लेकीला बोटाने दाखवली, तिच्या पायाशी कोण बसले आहे तेही दाखवले. आमचा इतिहास तिथेच संपला; पुढचा अर्धा तास ती बोलत होती.

मला याचा आनंद झाला, पण पुरता झाला नाही. ती आली ती मनापासून की मॅमने ‘चल’ म्हटले म्हणून, हे मला अजून उमगलेले नाही. महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाच्या होकाराचे वजन कसे करायचे? परवा मी तिला म्हटले, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींना घेऊन जा. ती “येस, मॅम” म्हणाली. रविवारी ती चर्चला गेली आणि तिथून मॉलमध्ये.

आज आपण इथे येताना लेक माझ्या हाताला धरून होती. बाहेरच्या व्हरांड्यात आपल्या सगळ्यांच्या आते आणि गाडीचे चालक बाकांवर बसले आहेत. काहींच्या मांडीवर आपली लहान मुले आहेत, पायाशी आपले पुरणपोळ्यांचे डबे आहेत. लेकीने त्यांच्याकडे पाहिले, मग या दाराकडे पाहिले आणि मला विचारले, “आई, इथे तिकीट आहे का?”