कार्डावरची पुढची तारीख

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या कागदपत्रांच्या पिशवीत एक पिवळं कार्ड आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, घडीवर विरलेलं, एका कोपऱ्यावर यंत्रमागाच्या तेलाचा बोटाएवढा डाग. त्यावर चार तारखा लिहिल्यात. पहिल्या तीन तारखांपुढे आमच्या सिस्टरची सही आहे. चौथीपुढची जागा कोरी आहे.

हे कार्ड तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक सुईचं. तेव्हा मी इचलकरंजीत एका धर्मादाय दवाखान्यात समुपदेशक होते. सरकारी दवाखान्यांत ही सुई तेव्हा मिळत नसे. ती तिथे आली २०१७ पासून, ‘अंतरा’ या नावानं. आम्ही ती फुकट देऊ शकत होतो, कारण परदेशातल्या एका संस्थेचं तीन वर्षांचं अनुदान आमच्याकडे होतं. ते ३१ मार्चला संपलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई आली. रात्रपाळी उरकून थेट आलेली, केसांत कापसाचे तंतू तसेच. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. सुया संपल्या, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, असं मी तिला म्हटलं. ती कार्डाकडे बघत राहिली. म्हणाली, “बाई, तारीख तर आजचीच हाय न्हवं?” आणि मग जरा थांबून, “पैसं देतो की मी. किती हुतंय?”

तिच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे पैसे घ्यायला पावतीपुस्तकच नव्हतं. तीन वर्षांत कुणाकडून एक रुपया घ्यायचा विचार आम्ही केला नव्हता, आणि आता ती द्यायला तयार असताना विकायला सुई नव्हती. ती कार्ड टेबलावर ठेवूनच निघून गेली. पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही.

म्हणून आज मी पैशांबद्दल बोलणार आहे. गरीब देशांतल्या बायकांना पाळणा लांबवायची साधनं मिळावीत, यासाठी सरकारी तिजोरीबाहेरचा पैसा कुठून आला, कुठून येऊ शकतो, आणि तो कसा मागावा, याबद्दल.

या गोष्टीची सुरुवात आपल्याच मुंबईत करता येते. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तिथे संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तेही त्याच वर्षी. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांच्यामागे ना कुठला ट्रस्ट होता, ना कुणी शेठ. घराला आधार होता तो पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा. आपल्याकडच्या कुटुंबनियोजनाला पहिला खाजगी पैसा कुणी दिला असं मला कुणी विचारलं, तर मी मालतीबाईंचं नाव घेईन. त्यांची आठवण कुठल्याच अहवालात निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग १९४९. मुंबईतच धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईत भरलेल्या परिषदेत आठ देशांच्या संघटनांनी मिळून इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहुड फेडरेशन स्थापन केलं. आज जगभर पसरलेली ही संस्था मुंबईत जन्मली, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९६८ ची आहे, आणि ती चहाच्या पुड्यांची आहे.

सरकारकडे निरोध होते, पण ते लोकांपर्यंत पोचत नव्हते. सरकारी दवाखाने थोडे, गावापासून लांब, आणि तिथे नर्सबाईकडे निरोध मागायचा कुणी? कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधल्या मंडळींनी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं एक योजना मांडली. या देशात अगदी आडगावच्या टपरीवरही काय मिळतं? चहा मिळतो, साबण मिळतो, सिगारेट मिळते, बॅटरीचे सेल मिळतात. म्हणजे हा माल पोचवणारे रस्ते आधीच तयार आहेत. मग ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्तान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, आयटीसी, युनियन कार्बाइड या कंपन्यांच्या विक्रेत्यांनी आपापल्या मालाबरोबर निरोधही दुकानात ठेवायला सुरुवात केली. तीन निरोध पंधरा पैशांना, म्हणजे एकाला पाच पैसे. खर्चाचा फरक सरकारनं सोसला.

यात कंपन्यांनी चेक फाडला नव्हता. त्यांनी गाड्या दिल्या, विक्रेते दिले, दुकानदाराशी असलेली वर्षानुवर्षांची ओळख दिली. खाजगी मदत मागायला निघालेली संस्था पहिल्यांदा रोख रक्कम मागते, आणि तिथेच चुकते असं मला वाटतं. समोरच्याकडे रोकडीपेक्षा मोलाचं काही असतं, ते आपल्याला दिसत नाही. आमच्या गावातच बघा. सूत घेऊन टेम्पो दर आठवड्याला खेड्यापाड्यांतल्या मागांवर जात होते, आणि आम्ही गोळ्यांची पाकिटं पोचवायला रिक्षाभाडं कुठून आणायचं यावर बैठका घेत होतो!

आणि ते पाच पैसे. फुकट वाटलेली वस्तू दुकानदार फळीवर ठेवत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. पाच पैशांत त्याचाही वाटा होता, म्हणून त्यानं निरोध संपल्यावर पुन्हा मागवला.

याच काळात दिल्लीत धर्मेंद्र कुमार त्यागी नावाचे अधिकारी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं काम बघत होते. भिंतीभिंतीवर रंगवलेला तो लाल त्रिकोण त्यांच्या डोक्यातून निघालेला. १९६९ मध्ये ते अकाली गेले. त्याच दशकात फिल हार्वे नावाचा तरुण अमेरिकन ‘केअर’ या मदतसंस्थेतर्फे भारतात शाळकरी मुलांच्या आहाराचं काम करत होता. मायदेशी परतल्यावर त्यानं एका मित्राबरोबर टपालानं निरोध विकायला सुरुवात केली. तो धंदा पुढे प्रौढांसाठीच्या वस्तू विकणारा मोठा उद्योग झाला, आणि त्यातल्या नफ्यातून हार्वेनं गरीब देशांत स्वस्त गर्भनिरोधकं विकायचं काम चालवलं. १९८९ मध्ये त्यासाठी काढलेल्या संस्थेला त्यानं आपलं नाव दिलं नाही. त्यागींची आद्याक्षरं दिली: डीकेटी. ही संस्था १९९२ पासून आपल्याकडेही काम करते, आणि तिचं कार्यालय मुंबईत आहे.

हार्वेच्या धंद्याचं नाव ऐकून काही जण नाक मुरडतात. मी नाही मुरडत. त्या पैशानं कितीतरी देशांत गोळ्या, तांबी आणि निरोध मिळत राहिले, आणि देणाऱ्यानं त्या बदल्यात कशावरही हक्क सांगितला नाही.

थायलंडमध्ये मेचाई विरावैद्य यांनी १९७४ मध्ये संस्था काढली आणि तिला दुकानदारांचं, शिक्षकांचं, शेतकऱ्यांचं बळ दिलं. बँकॉकमध्ये त्यांनी एक उपाहारगृह उघडलं, ‘कॅबेजेस अँड कंडोम्स’. कोबी जितका बाजारात सहज मिळतो तितकाच निरोधही मिळावा, असा त्या नावाचा अर्थ. तिथल्या जेवणाचा नफा संस्थेच्या कामाला जातो. कोलंबियात स्त्रीरोगतज्ज्ञ फर्नांडो तामायो यांनी १९६५ मध्ये ‘प्रोफामिलिया’ सुरू केली. तिथे ज्याला परवडतं तो पूर्ण फी देतो, आणि त्यातून गरीब बाईची फी भागते. १९९० च्या दशकात अमेरिकेची मदत आटली तरी ती संस्था उभी राहिली. शेजारच्या बांगलादेशात ‘सोशल मार्केटिंग कंपनी’ नावाची संस्था गोळ्या आणि निरोध विकते, आणि जुलाबावरच्या जलसंजीवनीची पाकिटंही विकते. जलसंजीवनीत नफा होतो, तो गोळ्यांच्या तोट्याला पुरतो. ही युक्ती घरोघरच्या बाईला सांगायला नको, एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात घालूनच ती महिना काढते.

मोठ्या देणगीदारांनी मोठी कामं केली आहेत, ते नाकारायचं कारण नाही. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १९७० मध्ये फॅमिली प्लॅनिंग फाउंडेशन उभं करण्यात पुढाकार घेतला, त्याचंच पुढे पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडिया झालं. आणखी एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. दंडात बसवायच्या गर्भनिरोधक कांडीची किंमत गरीब देशांसाठी अठरा डॉलरच्या आसपास होती. २०१२-१३ मध्ये गेट्स फाउंडेशन, नॉर्वेचं सरकार आणि इतरांनी बायर या औषध कंपनीला हमी दिली की सहा वर्षांत एवढ्या कांड्या नक्की विकल्या जातील, नाही विकल्या तर फरक आम्ही भरू. कंपनीनं किंमत साडेआठ डॉलरवर आणली. मर्क या दुसऱ्या कंपनीनंही मग तेच केलं. पैसा हातात न देता नुसत्या शब्दावर किंमत निम्म्याहून खाली! आपल्या पातळीवर हेच करायचं, तर चार छोट्या दवाखान्यांनी एकत्र येऊन ठोक विक्रेत्याला वर्षभराची मागणी लिहून द्यायची. भाव खाली येतो. आम्ही ते करून पाहिलंय.

आता २०२५ ची गोष्ट. अमेरिकेचं सरकार जगभरच्या कुटुंबनियोजनाला वर्षाला साठ कोटी डॉलरच्या आसपास देत असे. त्या जानेवारीत ती मदत थांबली, आणि १ जुलैला यूएसएड ही ती मदत वाटणारी सरकारी संस्थाच गुंडाळली गेली. बेल्जियममधल्या एका गोदामात सुमारे ९७ लाख डॉलरच्या गोळ्या, कांड्या, तांबी पडून होत्या. आधीच विकत घेतलेल्या, बहुतांश आफ्रिकेतल्या बायकांसाठी. त्या जाळून टाकायचं ठरल्याची बातमी जुलैत आली. ती वाचली त्या रात्री मी ते पिवळं कार्ड पुन्हा बाहेर काढून बघितलं. टांझानियात, मालीत किती टेबलांवर अशी कार्डं उरली असतील? गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गरोदर राहायचं नाही आणि तरी आधुनिक साधन हाती नाही, अशा बायकांची संख्या २०१९ च्या अंदाजानुसार २१ कोटी ८० लाख होती. ती मदत थांबण्याच्या कितीतरी आधीचा हा आकडा आहे.

अनुदानाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. बाईच्या अंगातल्या सुईचा असर तिच्या आपल्या तारखेला संपतो. या दोन तारखांमध्ये जे पडतं, ते तिलाच निस्तरावं लागतं.

पण पैसा हवा म्हणून कसलाही पैसा घेऊ नये, हेही मला तितक्याच कळकळीनं सांगायचंय. डोकी मोजून मिळणारा पैसा घेऊ नका. आणीबाणीत उद्दिष्टांच्या मागे लागून १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यात जबरदस्ती किती होती हे त्या पिढीला विचारा. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळ एका शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या भागात त्या दिवसांत झालेल्या शिबिरांतल्या तेरा जणी दगावल्या. जिथे दर ऑपरेशनमागे रक्कम ठरते, तिथे घाई होते, आणि बाईला दुसरं काही हवंय का हे विचारायला कुणाला वेळ राहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. देणगीदारानं विचारलं, “किती केसेस?” तर त्याला हे दोन आकडे दाखवावेत आणि विचारावं, साहेब, बायकांना निवड देण्यासाठी पैसे देणार का?

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामासाठी काढावे लागतात. त्यात प्रतिबंधक आरोग्यसेवा बसते. तरी गर्भनिरोधकांसाठी मागायला गेलं की लोक संकोचतात. आमच्याकडच्या एका कारखानदारांनी मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, “ताई, बोर्डावर काय लिहायचं?” शाळेची खोली, झाडं, रुग्णवाहिका यांवर नाव घालता येतं, तांबीवर कसं घालणार? मी म्हटलं, बोर्ड नको. तुमच्या मागांवरच्या बायका महिन्याला किती खाडे करतात ते बघा आणि औषधांचं बिल तेवढं भरा. त्यांनी भरलं. त्यांच्याबरोबर सुताला खळ देणाऱ्या, सायझिंगवाल्या आणखी दोघांनी भरलं.

तसा आमचा फिरता निधी उभा राहिला, पण त्याला आठ महिने लागले. बिल कारखानदारांनी भरायचं, ठोक विक्रेत्यानं खरेदीच्या भावात द्यायचं, आणि बाईनं वीस रुपये द्यायचे, नसतील तर द्यायचे नाहीत. त्या वीस-वीस रुपयांतून पुढची खरेदी. पावतीपुस्तक मी स्वतः छापून आणलं. पहिल्या महिन्यात आलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी पैसे दिले, काहींनी सुटे करून आणून दिले.

सुया पुन्हा आल्या त्या दिवशी सिस्टरनं खोकी मोजली आणि वहीत भागाकार केला: एका बाईला वर्षाला चार. जेवढ्या जणींना वर्षभर पुरेल तेवढीच कार्डं लिहायची, त्याहून एकही जास्त नाही, असं तिनं एका कागदावर लिहिलं आणि तो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवला. दार उघडलं की पहिल्यांदा तो कागद दिसायचा.

नमस्कार.