आधी अडचण, मग अनिच्छा

श्रोतेहो, नमस्कार.

नवराबायकोमधली कामेच्छा ओसरली की दोष वयाला, आटलेल्या प्रेमाला किंवा एखाद्या तिसऱ्या माणसाला दिला जातो. पुष्कळदा मात्र आधी शरीराची एखादी तक्रार सुरू झालेली असते आणि इच्छा तिच्या मागून मावळते.

गोव्यात हे उघड बोलायलाच हवे, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्याच राज्यात आढळले. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू निकामी होऊ लागतात, आणि पुरुषाच्या लिंगाला ताठरता येणे वा टिकणे अवघड होते. एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी तो पत्नीजवळ असूनही स्वतःवरच पहारा ठेवतो, आणि ती धास्तीच घात करते. मग तो रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर रेंगाळतो, ती झोपली असेल असे पाहूनच खोलीत येतो. ती जागीच असते. ‘मी यांना नकोशी झाले’ असा अर्थ लावून तीही मन आवरून घेते.

रजोनिवृत्तीनंतर किंवा बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झाल्याने योनिमार्ग कोरडा पडतो आणि संबंध दुखतो. जे दुखते त्याची ओढ कशी वाटावी? तरी अनेकजणी सोसतात, आणि पुढे नवऱ्याने सहज खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरतात, कारण तो हात कुठवर जाणार याची त्यांना धास्ती असते.

ही धास्ती घालवण्यासाठीच मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या उपचारात काही काळ संभोगच वर्ज्य करून जोडप्याला निव्वळ स्पर्शाकडे परत नेले जाते. ताठरतेसाठी दिली जाणारी सिल्डेनाफिलची गोळी लिंगाकडचा रक्तप्रवाह वाढवते, इच्छा निर्माण करत नाही. आणि हृदयविकारासाठी नायट्रेट गटातली औषधे घेणाऱ्याने ती घेणे जिवावर बेतू शकते. (औषधाच्या दुकानात हे कुणी विचारेलच असे नाही.) कोरडेपणावर योनिमार्गासाठीचे वंगण किंवा डॉक्टरी सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम वापरता येते.

ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, त्यामुळे ती अंगावर काढू नये. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनीही इच्छा मंदावते, पण ती परस्पर बंद करू नयेत. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जा किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि शक्यतो दोघांनी मिळून जा.