ऑकवर्ड

श्रोतेहो, नमस्कार.

‘काकू, इतकं ऑकवर्ड झालं ना!’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येतं. आज या ऑकवर्डबद्दलच बोलू.

शब्द जुना आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, उलट्या दिशेला वळलेलं ते ‘ओफुगर’. त्यावरून इंग्रजीत ‘ऑक’ आला. त्याला फॉरवर्ड, बॅकवर्डमधला ‘वर्ड’ जोडला आणि ऑकवर्ड झालं. म्हणजे उफराट्या दिशेला. लक्षात ठेवा, उफराट्या दिशेला. सुरुवातीला यात माणसाचा वेंधळेपणा नव्हताच. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात राणी मार्गारेट तक्रार करते, की ‘ऑकवर्ड’ वाऱ्यानं माझं जहाज दोनदा मागे लोटलं. वारा ऑकवर्ड, कारण तो उलटा.

पुढे हा शब्द माणसांना चिकटला. तो किती घट्ट चिकटला, हे लॉर्ड चेस्टरफिल्डच्या पत्रांत दिसतं. अठराव्या शतकातल्या या इंग्रज उमरावाचा मुलगा फिलिप, विवाहबाह्य संबंधातून झालेला. मुलगा चारचौघांत रुबाबदार दिसावा, हा बापाचा ध्यास. त्यासाठी त्यानं शेकडो पत्रं लिहिली. 1741 सालच्या एका पत्रात तो ऑकवर्ड माणसाचं वर्णन करतो. हा माणूस दिवाणखान्यात शिरतो, तोच कमरेची तलवार पायांत अडकून धडपडतो. नेमका नको तिथे जाऊन बसतो. टोपी पडते. ती उचलायला जातो तर काठी पडते, काठी उचलतो तर टोपी पुन्हा खाली! चहा घेतला की तोंड पोळतं, कप नाहीतर बशी निसटते आणि सगळा चहा विजारीवर. हे पत्र ज्याला लिहिलं तो फिलिप तेव्हा नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षांचा!

मला इथे आपल्याकडची एक सवय आठवते. पाहुणे आले की पोराला आतून ओढून आणायचं, ‘नमस्कार कर, ती कविता म्हणून दाखव.’ मूल दाराच्या पडद्यात तोंड लपवतं आणि आपण वर म्हणतो, फार बुजरा आहे हो. ही सवय मोडली पाहिजे. आजच मोडली पाहिजे.

तर फिलिप. बापानं त्याला युरोपभर फिरवलं, पार्लमेंटात पाठवलं, पहिल्या भाषणाची कसून तयारी करून घेतली. भाषण बरं चाललं होतं, पण भिडस्तपणामुळे तो मध्येच थांबला. रुबाब काही आला नाही. 1768 साली, छत्तिसाव्या वर्षी, तो फ्रान्समध्ये वारला. तेव्हा कुठे बापाला कळलं, की त्याची बायको आहे, दोन मुलगे आहेत. शेकडो पत्रं लिहिणाऱ्या बापाला मुलानं आपलं लग्न सांगितलं नव्हतं! म्हाताऱ्यानं नातवांच्या शिक्षणाचा भार उचलला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तो गेल्यावर सुनेनं ती खासगी पत्रं प्रकाशकाला पंधराशे गिनींना, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या नाण्यांना, विकली. 1774 साली ती छापून आली आणि घरातलं सगळं साऱ्या इंग्लंडनं वाचलं.

वेळ संपत आली. ‘क्लम्झी’, म्हणजे वेंधळा, हा शब्द राहिलाच. तो मुळात थंडीनं बधीर झालेल्या माणसाचा शब्द. बोटं गारठली की वस्तू हातातून सुटते, त्यातून तो आला. आणि ऑकवर्डच्याच अर्थानं इंग्रजीत येणारा ‘गोश’ म्हणजे फ्रेंचांचा ‘डावा’. डावखुऱ्या मुलांविषयी मला बरंच बोलायचं आहे, ते पुढच्या वेळी. नमस्कार.