चांगला बंकर कुठे खणायचा?

श्रोतेहो, नमस्कार. आज गोल्फचा कोर्स, म्हणजे खेळायचं मैदान, कसा आखतात आणि त्यात बंकर, म्हणजे अडथळा म्हणून केलेला वाळूचा खड्डा, कुठे खणतात ते पाहू. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा.

गोल्फचा डाव अठराच होलांचा का, याचं उत्तर अगदी साधं आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावाजवळ, समुद्रकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीवर खेळाडू खेळत खेळत टोकापर्यंत जात आणि बहुतेक त्याच खळग्यांवरून खेळत परत येत. असा 22 होलांचा डाव व्हायचा. सुरुवातीची चार होल फार आखूड वाटली, म्हणून 1764 मध्ये ती जोडून दोन केली. जाताना दोन कमी झाली, येताना दोन कमी झाली आणि उरली 18. पुढे गर्दी वाढली तेव्हा ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, रुंद करून एकेका ग्रीनवर दोन खळगे केले. आजही तिथे अशी जोडीची सात ग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज 18 येते. दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा, असं.

हा कोर्स कुणी कागदावर आखलेला नव्हता. समुद्र आणि शेती यांच्या मधली ती वाळूची जमीन. पाऊस पडला की पाणी खाली जिरून जायचं, गवत बारीक आणि तुटक यायचं, वाऱ्याने उंचवटे घडवलेले होते. म्हणजे कोर्सला जे लागतं ते तिथे फुकट मिळालेलं होतं. अडचण सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, खेळ समुद्र सोडून आतल्या चिकणमातीवर आला तेव्हा. त्या काळचा आखणारा जमिनीवरून एक फेरी मारायचा, अठरा जागी खुंट्या ठोकायचा आणि दिवसा-दोन दिवसांत निघून जायचा. मग फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या वाटेच्या, आडवे मातीचे बांध घालून त्यांच्यापुढे चर खणले जायचे. लांब मारणाऱ्याचा चेंडू बांधावरून सहज जायचा, आणि नवख्याचा चेंडू दर वेळी त्या चरातच पडायचा. जो आधीच हरतोय त्यालाच पुन्हा शिक्षा.

इंग्लंडमधल्या सनिंगडेलला विली पार्क धाकटे यांनी आखलेला कोर्स 1901 मध्ये खुला झाला आणि आतल्या भागातही, वाळूमिश्रित माळरानावर, उत्तम कोर्स करता येतो हे दिसलं. हॅरी कोल्ट तिथल्या क्लबचे सचिव होते. पुढे ते स्वतःच नामवंत रचनाकार झाले. त्यांच्या पिढीने एक साधी गोष्ट पक्की केली, आणि आजच्या बोलण्याचा गाभाही तोच आहे. चुकलेला चेंडू जिथे पडतो तिथे बंकर खणायचा नाही. जाणता खेळाडू ज्या जागेवर चेंडू टाकू बघतो, त्या जागेच्या अगदी काठावर तो खणायचा.

एक होल मनाशी उभं करा. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, खळगा 420 यार्डांवर आहे. चांगल्या खेळाडूचा पहिला फटका साधारण 250 यार्डांवर उतरतो. ग्रीनच्या पुढे डावीकडे एक खोल बंकर आहे, आणि ग्रीनचं तोंड उजव्या बाजूने उघडं आहे. म्हणजे दुसरा फटका उजवीकडून मारला तर वाट मोकळी. म्हणून आपण पहिला बंकर उजवीकडे, 235 ते 260 यार्डांच्या पट्ट्यात खणतो. जो त्याला खेटून जाईल त्याला पुढे सरळ वाट मिळते. जो घाबरून डावीकडे जाईल त्याचं काही बिघडत नाही, फक्त दुसरा फटका त्याला त्या खोल बंकरवरून उचलावा लागतो. नवखा जेमतेम 160 यार्ड मारतो; त्याच्या वाटेत काहीच आडवं येत नाही, तो तीन फटक्यांत निवांत पोहोचतो. आता तोच बंकर 160 यार्डांवर उजवीकडे आणा. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडेच वळतो. तो रोज त्यात पडेल, आणि निष्णात खेळाडूला बंकर आहे हे कळणारही नाही. बंकर तोच, खर्च तोच. जागा चुकली की सगळं वाया.

म्हणून होल आखताना सुरुवात ग्रीनपासून करतात आणि मागे मागे टीपर्यंत येतात. याचं नामी उदाहरण स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्स या कोर्सवर आहे. तिथल्या पंधराव्या होलाला ‘रेडॅन’ म्हणतात. नाव क्रिमियन युद्धातल्या तटबंदीवरून आलं. ग्रीन टीच्या रेषेला तिरपं बसवलेलं आहे, पुढे डावीकडे खोल बंकर आहे, आणि ग्रीनचा उतार खेळाडूकडे न येता मागे, डावीकडे जातो. थेट झेंड्यावर, म्हणजे खळग्यात रोवलेल्या निशाणावर, मारलेला चेंडू थांबत नाही. पुढच्या उजव्या खांद्यावर टाकलेला चेंडू उतारावरून आपोआप घरंगळत खळग्याकडे जातो. रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड यांनी ही रचना अमेरिकेत लाँग आयलंडवर नेली, आणि मग तिच्या नकला जगभर झाल्या. नकलांमध्ये बहुधा एकच चूक दिसते: तिरपेपणा आणि बंकर घेतात, मागे जाणारा उतार घाबरून काढून टाकतात. मग उरतो तो नुसता अवघड बंकर.

होल एकामागून एक कशी गुंफायची हाही मोठा विषय आहे, पण इथे एकच सांगतो. स्कॉटलंडमधल्या म्युअरफील्डला पहिली नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पुढची नऊ त्यांच्या आत उलट्या दिशेने. त्यामुळे वारा फार वेळ एकाच बाजूने लागत नाही.

आता जमिनीखाली जाऊ. कोर्स बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, 1960 मध्ये ग्रीन बांधायची एक रीत प्रसिद्ध केली. सुधारणा होत होत ती अजून वापरात आहे. तळाच्या जमिनीत पाच मीटरांपेक्षा जास्त अंतर न ठेवता चर खणायचे, त्यांत दहा सेंटीमीटर व्यासाचे छिद्रांचे पाइप टाकायचे. त्यावर 10 सेंटीमीटर बारीक खडी, आणि खडीवर 30 सेंटीमीटर वाळूचं मिश्रण. या मिश्रणात गाळ 5 टक्क्यांच्या आत आणि चिकणमाती 3 टक्क्यांच्या आत हवी.

हे थर असेच का? भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तो उभा धरा, आणखी पाणी गळेल. खडीवरची वाळू त्या आडव्या स्पंजासारखी वागते: तळाशी पाणी धरून ठेवते, मुळांना पुरवते, आणि जास्तीचं पाणी साठलं की खडीत सोडून देते. पण थर जाड झाला की तो उभ्या स्पंजासारखा वरून कोरडा पडतो. म्हणूनच तळाची जमीन वरच्या चढउतारांची हुबेहूब नक्कल असावी लागते, 40 सेंटीमीटर खाली. पण कंत्राटदार अनेकदा तळ सपाट ठेवतो आणि सगळे उंचवटे वाळूनेच घडवतो. मग एके ठिकाणी थर 20 सेंटीमीटरचा होतो आणि दुसरीकडे 45 चा. पहिल्या जागी शेवाळ धरतं, दुसऱ्या जागी गवत करपतं, आणि माळी दोन्हीवर एकाच नळीने पाणी मारत बसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मिश्रण ग्रीनवरच ट्रॅक्टरने कालवणं. ते कधीच एकजीव होत नाही. ते बाहेर कालवून, तपासूनच आणावं.

वरच्या उताराचं गणितही बदललंय. ग्रीनचा वेग मोजायला तीन फूट लांबीची, खाच असलेली पट्टी असते, स्टिम्पमीटर. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती फूट जातो ते बघायचं. सत्तरच्या दशकात यूएसजीएने अमेरिकेतले कोर्स मोजले तेव्हा सरासरी साधारण साडेसहा फूट आली होती. मोठ्या स्पर्धांत आज हा आकडा बाराच्या आसपास असतो. जुन्या मंद ग्रीनवर 5 टक्के उतारावर खळगा चालून जायचा. आजच्या वेगात तिथे चेंडू थांबतच नाही. खळगा 3 टक्क्यांच्या आतच बसवावा लागतो. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनचा दोन तृतीयांश भाग त्याहून तीव्र असेल, तर झेंडा उरलेल्या दीडशेएक चौरस मीटरांतच फिरत राहतो आणि तिथलं गवत झिजून जातं. मग कुणीतरी ग्रीन सपाट करा म्हणतो. गवताची कापणी अर्ध्या मिलीमीटरने वर घेऊन चेंडूचा वेग कमी करणं त्याहून कितीतरी स्वस्त पडतं, पण ते सुचवणारा कमी वेळा जिंकतो.

शेवटी एक होल, जे तुम्ही चित्रात नक्की पाहिलं असेल. फ्लोरिडातल्या सॉग्रासचं सतरावं, पाण्यातल्या बेटावरचं ग्रीन. हा कोर्स 1980 मध्ये खुला झाला. मूळ आराखड्यात तिथे बेट नव्हतं. दलदलीची जमीन, चांगली वाळू मिळायची ती याच जागी; कोर्सचे रचनाकार पीट डाय बाकीच्या कोर्ससाठी ती काढत गेले आणि मोठा खड्डा पडला. त्यात पाणी भरून ग्रीन मधोमध ठेवू, ही सूचना त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांची. आतापर्यंत सांगितलेल्या तत्त्वाला हे होल सरळ छेद देतं: इथे डावी-उजवी निवड नाही, नवख्यालाही तोच फटका मारावा लागतो. ज्यांचा चेंडू पाण्यात जातो त्यांना पुढचा फटका मारायला जवळची एक जागा नेमून दिलेली आहे. तिथूनही चेंडू पाण्यावरूनच न्यावा लागतो.

नमस्कार.