विजयदुर्ग: आरमार जळाले ती दुपार

वाघोटन खाडी अरबी समुद्राला मिळते त्या मुखावर, देवगड तालुक्यात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला विजयदुर्ग उभा आहे. शिलाहारांच्या काळापासूनचा हा किल्ला आदिलशाहीकडून घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्याला तिहेरी तटबंदीने बळकट केले. मुख्य दरवाजा गोमुखी बांधणीचा असल्याने वाट वळून अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. समुद्राकडच्या तटाला हात लावून पाहावा. खाऱ्या वाऱ्याने जांभा पोखरून त्याची जाळी झाली आहे, तरी भिंत जागची हललेली नाही.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी १७१७ आणि १७२० साली, तर डचांनी १७२४ साली या किल्ल्यावर हल्ले केले आणि तिन्ही वेळा ते हात हलवीत परतले. १७५६ साली मात्र चित्र वेगळे होते, कारण कान्होजींचे पुत्र आणि आता किल्ल्याचे धनी असलेल्या तुळाजी आंग्रे यांच्याशी बिनसलेल्या नानासाहेब पेशव्यांनी या वेळी इंग्रजांशीच हातमिळवणी केली होती. समुद्रातून ॲडमिरल वॉटसन आणि जमिनीवरून रॉबर्ट क्लाइव्ह चालून आले. मोहिमेवर निघण्यापूर्वीच मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीचे वाटे ठरवून घेतले होते, आणि त्यात मित्रपक्षाला जागा नव्हती!

१२ फेब्रुवारीच्या दुपारी तोफांचा मारा सुरू झाला. तटाखाली आंग्र्यांची गुराबे, म्हणजे तोफा असलेली लढाऊ जहाजे, एकमेकांना बांधून उभी होती. त्यांतल्या ‘रिस्टोरेशन’ या, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या जहाजावर गोळा पडला. त्याने पेट घेतला आणि दोरखंडांनी जखडलेल्या जहाजांवरून आग पसरत जाऊन पाहता पाहता सगळे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. क्लाइव्हच्या तुकडीने पेशव्यांच्या फौजेची वाट आधीच अडवल्यामुळे बुरुजावर निशाण चढले ते इंग्रजांचे, आणि सुमारे १० लाख रुपयांची लूटही त्यांनीच आपसात वाटून घेतली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

ऑक्टोबर १७५६च्या तहाने बाणकोटचा किल्ला इंग्रजांना देऊन पेशव्यांनी विजयदुर्ग परत मिळवला. जळालेल्या आरमाराच्या जागी त्यांना इथेच नव्याने गलबते बांधावी लागली. पुढे या आरमाराची सुभेदारी आनंदराव धुळपांकडे आली, आणि १७८३ साली याच किनाऱ्याजवळ त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावात आजही पाहता येतो.