इथवर यायला काय खर्ची पडलं?

(एका सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय लांबलचक छापला आहे: ‘अल्प उत्पन्न गटातील नागरिक आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींसाठी सामुदायिक आधारसेवा : स्वरूप, अडचणी आणि उपाय’. स्वरूपावर थोडं बोलेन, अडचणींवर बरंच बोलेन, आणि उपायांसाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवेन, असं मी संयोजकांना कबूल केलंय. त्यांनी घड्याळ माझ्यासमोरच ठेवलंय, त्यामुळे पळवाट नाही.

आधी एक विचारते. आज इथे यायला तुमचं काय खर्ची पडलं? कुणाचे रिक्षाचे पैसे, कुणाची दुपारची झोप, कुणाला घरच्यांची थोडी मनधरणी करावी लागली असेल. पण घरी खोटं सांगून आलेलं इथे बहुधा कुणी नाही. ‘मी आत शिरताना कुणी पाहिलं तर?’ या धास्तीने दोनदा दारावरून पुढे जाऊन परत फिरलेलंही कुणी नसावं. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. मदत फुकट असते, पण मदतीपर्यंत पोचणं फुकट नसतं. आपण सेवा उभी करतो तेव्हा आपला खर्च पैपैने मांडतो. समोरच्याचा खर्च कुठल्याच वहीत येत नाही.

मी एचआयव्हीच्या उपचार केंद्रात समुपदेशक म्हणून कामाला लागले तेव्हा हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ हा शिकवला होता, आणि तो मी दिवसातून चाळीस वेळा विचारत असे. तो ज्या बाईंनी बदलला त्यांच्याबद्दल सविस्तर सांगणार आहे. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असं काहीही सांगणार नाही.

बाई दर महिन्याला तारखेला यायच्या. म्हणजे यायला हव्या होत्या. कधी चार दिवस उशीर, कधी नऊ. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘अनियमित’. तो शेरा माझ्याच अक्षरातला होता. तीन वेळा मी त्यांना समजावलं होतं, आणि समजावलं म्हणजे जवळजवळ रागावलेच होते. नवव्या दिवशी आल्या तेव्हा बाटलीत अजून तीन गोळ्या शिल्लक. हिशेब साधा आहे. महिन्याच्या गोळ्या एकोणचाळीस दिवसांनंतरही उरतात याचा अर्थ मधल्या काही दिवशी घेतलेल्या नाहीत. पुरवून पुरवून, काही दिवस दिवसाआड घेतल्या होत्या. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. औषधाची मात्रा अशी वरखाली झाली की विषाणूला डोकं वर काढायला वाव मिळतो, आणि त्याच औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. मग चांगलं चालणारं औषध बदलावं लागतं. मी घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस उपदेश फार करतो.

माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘ताई, थोडा कापूस मिळेल का?’

मला वाटलं, कुठे लागलंय. मी ड्रेसिंगच्या खोलीतून कापूस आणला. त्यांनी नवी बाटली उघडली, कापसाचा बोळा करून गोळ्यांवर दाबून बसवला, झाकण लावलं आणि बाटली कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. मग नखाने कोपरा उचलून बाटलीवरची चिठ्ठी सोलायला घेतली. अगदी सावकाश, कागद फाटू न देता. हे काम त्या दर महिन्याला करत होत्या, हे बोटांच्या सवयीवरून कळत होतं. एका खोलीचं घर, त्यात सहा माणसं. गोळ्या खुळखुळल्या की कुणीतरी विचारणार, हे काय?

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, ‘इथे येता कशा तुम्ही?’

दोन गाड्या बदलून. कामावरचा एक दिवस बुडवून, म्हणजे त्या दिवसाचा पगार कापून. गेल्या दोन महिन्यांत आठवड्याअखेर हातात पैसे पडले की मगच निघता यायचं, म्हणून उशीर. आणि मालकिणीला काय सांगता? ‘दात काढायला जाते म्हणून सांगते.’ एवढं बोलून त्या हसल्या. ‘पण ताई, दात बत्तीसच असतात. अजून किती महिने सांगू?’

(सभागृहात हशा.) हसा, त्याही हसल्याच होत्या. पण त्या दिवसापासून ती लाल शाई मला बघवेना. वहीत बाईंची तारीख होती, त्यांचा बुडालेला रोज नव्हता. आमचं केंद्र दहा ते एक उघडं. रोजंदारीवर जगणारा माणूस दहा ते एक कुठे असतो? कामावर. म्हणजे वेळापत्रकानेच आम्ही सांगून टाकलं होतं की ज्याला सवड आहे त्याने यावं. ‘आठवड्यातून एक संध्याकाळ उघडं ठेवू या’ एवढी मागणी मी केली. उत्तर आलं, कर्मचारी कुठून आणायचे? दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा उत्तर आलं, पेशंटने शिस्त लावून घ्यायला हवी. प्रवासखर्च परत देण्याची तरतूद होती, पण त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा हवा होता. तो मिळवायला दोन खेपा म्हणजे आणखी दोन रोज बुडणार, आणि अर्जात एक रकाना होता, ‘कारण’. त्या रकान्यात काय लिहायचं, सांगा. आणि लिहिलंच तर तो कागद किती टेबलांवरून फिरणार?

संध्याकाळ मिळायला सव्वा वर्ष लागलं. गुरुवारी, दोन तास. पहिल्या गुरुवारी आम्हाला वाटलं पाच-सहा जण येतील. बाक भरले आणि लोक जिन्यावर बसले. बाईंच्या नावापुढची लाल शाई त्या महिन्यानंतर थांबली. त्यांनी शिस्त आधीही पाळली होती. तिची किंमत आता त्यांना परवडू लागली होती.

इथे जरा आडवळणाने जाते, कारण हा शब्द माझ्या मनात सलत राहतो. ‘लाभार्थी’. आपल्याकडे प्रत्येक योजनेच्या कागदावर तो असतो. लाभ मागायला आलेला, हात पसरलेला. एचआयव्हीच्या बाबतीत तर ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ हेही आहेत. हे शब्द ज्यांच्यासाठी वापरले जात होते त्यांनीच ते १९८३ साली नाकारले. अमेरिकेत डेन्व्हरला एड्ससंबंधी परिषद भरली होती. तिथे आजारी असलेली मंडळी व्यासपीठावर गेली आणि त्यांनी आपली तत्त्वं वाचून दाखवली. आम्हाला बळी म्हणू नका, त्यात हार गृहीत धरलेली आहे. पेशंटही आम्ही कधीमधीच असतो. आम्ही एड्ससह जगणारी माणसं आहोत, आणि आमच्याबद्दलचे निर्णय होतील तिथे आम्ही असलो पाहिजे. तेव्हा या आजारावर एकही औषध नव्हतं, हे लक्षात घ्या. पहिलं औषध आलं १९८७ मध्ये, आणि खरा फरक पाडणारे एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास. त्याआधी लोकांजवळ होती फक्त सोबत. युगांडातली टासो ही संस्था १९८७ सालची. नोएरिन कालीबा यांचे पती एड्सने गेले, आणि त्यांनी अशाच अनुभवातून जाणाऱ्या मोजक्या माणसांना घेऊन एकमेकांना भेटायला सुरुवात केली. औषध नव्हतं, पैसे नव्हते. घरी जाऊन बसणं, अंग पुसणं, पोरांच्या शाळेचं बघणं, एवढंच. आज आपण ज्याला सामुदायिक आधारसेवा म्हणतो ती इथून आलेली आहे, कचेरीतून नाही.

आता खर्चाकडे परत. खर्च कमी कसा करायचा याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण मोझांबिकमधल्या टेटे प्रांतातलं आहे. गावं लांबलांब, दवाखाना एखाद्या दिवसाच्या पायपिटीवर, आणि औषध दर महिन्याला न्यायचं. लोक उपचार सोडत होते. २००८ मध्ये तिथे ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने आणि स्थानिक आरोग्य खात्याने गट करायला सुरुवात केली. एका गटात जास्तीत जास्त सहा माणसं, एकमेकांनी निवडलेली. महिना भरला की गट कुणाच्या तरी घरी जमतो, एकमेकांच्या उरलेल्या गोळ्या मोजतो, कोण कसं आहे ते विचारतो. मग सहातला एकच जण सगळ्यांची कार्डं घेऊन निघतो. स्वतःची तपासणी करून घेतो, सहा जणांची औषधं घेतो आणि परत येऊन वाटतो. पुढच्या महिन्यात दुसरा. म्हणजे प्रत्येकाची वर्षाला बारा खेपांऐवजी दोनच खेपा.

गोळ्या त्याच, डॉक्टर तेच. आणि सुरुवातीच्या अहवालात, सरासरी वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर, गटांमधल्या सुमारे तेराशे जणांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त लोक उपचारात टिकून होते. आमच्या कामात एक धास्तीचा शब्द आहे, ‘एलएफयू’, म्हणजे ज्याचा माग लागत नाही असा माणूस. त्या तेराशेंत असे होते फक्त दोन. दोन! पुढे त्या देशाच्या आरोग्य यंत्रणेनेही ही पद्धत उचलली. मला यातला आवडणारा भाग आकड्याचा नाही. गोळ्या मोजण्याचं काम, जे मी टेबलापलीकडून भुवया उंचावून करत होते, ते तिथे मित्र करतो. तीन गोळ्या जास्त निघाल्या तर तो शेरा लिहीत नाही, ‘काय रे, काय झालं?’ असं विचारतो.

अर्थात हे सगळ्यांना जमेल असं नाही. गटात यायचं तर पाच माणसांना आपलं गुपित कळणार. माझ्या त्या बाई अशा गटात गेल्या नसत्या, निदान तेव्हा तरी. म्हणून एकच नमुना सगळीकडे चिकटवायचा मोह टाळा. कुणाला पैशाचा खर्च जड जातो, कुणाला ओळख पटण्याचा.

(संयोजकांकडून चिठ्ठी.) सात मिनिटं राहिली म्हणतात. वीस मिनिटांचे उपाय सात मिनिटांत सांगायचे तर भराभर बोलते, तुम्ही भराभर ऐका.

पहिलं, दार एकच ठेवा. एचआयव्हीची सेवा वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाटीखाली ठेवली की त्या रांगेत उभं राहणं म्हणजेच जाहीर करणं झालं. भाड्याची अडचण, मुलांच्या फीची अडचण, कायद्याचा सल्ला, रक्तदाब आणि एचआयव्ही हे सगळं एका छपराखाली, एका रांगेत असेल तर शेजारीण भेटली तरी काय बिघडलं? तीही कशासाठी तरी आलीय. गरिबीसाठीच्या सेवा आणि एचआयव्हीच्या सेवा एकत्र का हव्यात, याचं माझ्यासाठी हेच पहिलं कारण आहे.

दुसरं, जेवण आणि छप्पर यांना उपचारच समजा. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रूथ ब्रिंकर या निवृत्त बाईंनी पाहिलं की आपला मित्र एड्सइतकाच उपासमारीने खंगतोय, कारण उठून रांधायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. त्यांनी सात जणांसाठी स्वयंपाक करून घरोघरी पोचवायला सुरुवात केली. त्यातून प्रोजेक्ट ओपन हँड उभं राहिलं. अमेरिकेत १९९० मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या गरीब लोकांच्या घरांसाठी वेगळा कायदाच झाला. रिकाम्या पोटी गोळीने मळमळतं म्हणून गोळी टाळणारे लोक मी पाहिलेत. ज्याला रात्री कुठे झोपायचं हे ठाऊक नाही, तो बाटली कुठे ठेवणार?

तिसरं, सोबत करणाऱ्याला पगार द्या. केपटाऊनमध्ये २००१ पासून ‘मदर्स टू मदर्स’ हेच करतंय. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या आया नव्या गरोदर बायकांना सांभाळतात, आणि ती त्यांची नोकरी असते. आपण मात्र अशा माणसाला हार घालतो, अनुभव सांगायला लावतो आणि बसभाडं देऊन घरी पाठवतो. ज्याचं उत्पन्न आधीच तुटपुंजं आहे त्याच्याकडून फुकट काम घेणं मला मान्य नाही.

चौथं, खेपा कमी करा. ज्याची तब्येत स्थिर आहे त्याला तीन किंवा सहा महिन्यांची औषधं एकदम देता येतात, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. पाचवं, कागद कमी मागा, आणि ‘कारण’ हा रकाना खोडून टाका.

आणि एक बातमी घरोघर पोचवा. नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी झाला, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मोठमोठ्या अभ्यासांनी हे सिद्ध केलंय. तरी २०२३ अखेर जगात सुमारे ३ कोटी ९९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि उपचार घेत होते सुमारे ३ कोटी ७ लाख. मधल्या नव्वद लाखांहून जास्त माणसांसाठी औषध अस्तित्वात आहे. त्यांचं नेमकं काय आणि कुठे आडवं येतंय, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारावं लागेल.

हो, हो, थांबते. प्रश्नोत्तरांना आता वेळ नाही, पण मी बाहेर पायऱ्यांवर अर्धा तास आहे. ज्यांना सगळ्यांदेखत बोलायचं नसेल त्यांच्यासाठी दाराशी एक डबा आणि कोरे कागद ठेवलेत. नाव लिहू नका. उत्तर कुठे ठेवलेलं सोयीचं पडेल, तेवढं लिहा.